‘आढळलें नाहीं’ या उत्तराची परीक्षा

रोजकीर्द लिहिण्याची चाल बहुतेक घरांतून आतां मोडली आहे. तथापि जेथें ती अद्याप चालू आहे तेथील मंडळींस हें ठाऊक असेलच, कीं वही लिहिणें हें एक काम आणि सहा महिन्यांनीं त्याच वहींतून ‘मुंजीच्या खर्चांत दक्षिणेला एकंदर किती गेले’ हें शोधून काढणें हें अगदीं निराळें काम. पहिल्यास नेटकेपणा पुरतो. दुसऱ्यास काय विचारावें आणि कोणतें पान उघडावें याची जाण लागते. हाच भेद आज संगणकांच्या रखवालीच्या कामांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे. आपल्या बँकेंतील शिल्लक या रखवालीवरच अवलंबून असल्यामुळें त्याचा विचार घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनींही करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रत्येक संगणक आपली रोजकीर्द आपणच लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. कोण आला, केव्हां आला, कोठून आला, कोणती फाईल उघडली, हें सारें तींत उतरतें. विंडोज यंत्रावर कोणी चुकीचा पासवर्ड दिला तर ४६२५ या क्रमांकाची नोंद होते. बरोबर दिला तर ४६२४ क्रमांकाची. चोरानें रात्रभर दार खटखटवून पहांटे कुलूप उघडलें, तर वहींत ४६२५ ची लांबलचक रांग व तिच्या शेवटीं एक ४६२४ एवढाच त्याचा इतिहास राहतो. परंतु अशा नोंदी मोठ्या कचेरींत दिवसाला लाखांनीं जमतात. त्या डोळ्यांनीं वाचणें अशक्य. म्हणून त्यांना विशिष्ट भाषेंत प्रश्न विचारावा लागतो. त्या प्रश्नास क्वेरी म्हणतात. आपण पृच्छा म्हणूं. या भाषाही एक नव्हेत. एसक्यूएल ही त्यांतील जुनी व सर्वत्र चालणारी, केक्यूएल मायक्रोसॉफ्टची, एसपीएल स्प्लंक नांवाच्या व्यवस्थेची. त्यांचें व्याकरण कडक आहे. केक्यूएलमध्यें बरोबरीचीं दोन चिन्हें लिहिलीं तर इंग्रजी अक्षराचें मोठें रूप व लहान रूप हीं भिन्न मानलीं जातात. दुसरें चिन्ह वापरलें तर तीं एकच मानलीं जातात. एका खुणेच्या फरकानें चोर सांपडतो किंवा निसटतो. वैयाकरणांस अर्ध्या मात्रेच्या लाघवाचा आनंद होत असे म्हणतात. येथें अर्ध्या मात्रेनें अनर्थ होतो.

आतां या पृच्छा लिहिण्याचें काम एआयचीं भाषा-प्रतिमानें करूं लागलीं आहेत. साध्या भाषेंत विचारावें, यंत्रानें पृच्छा रचावी, वही चाळावी व उत्तर आणून द्यावें. साहजिकच प्रश्न येतो, कीं या अनेक प्रतिमानांत सरस कोणतें?

जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या मनुष्यास यांत रस वाटावा असें पुष्कळ आहे. पृच्छेचा मजकूर आदर्श उत्तराशीं ताडून पाहणें हा गुण देण्याचा सर्वांत वाईट मार्ग. कारण एकच प्रमेय चार रीतींनीं सिद्ध होतें. म्हणून पृच्छा प्रत्यक्ष चालवून फळ जुळतें कीं नाहीं तें पाहतात. २०२३ सालीं बर्ड नांवाची एसक्यूएलची एक कसोटी प्रसिद्ध झाली, तींत जाणत्या माणसांना शंभरांत सुमारें ९३ गुण मिळाले आणि त्या वेळच्या जीपीटी-४ ला सुमारें ५५. पण ती सर्वसाधारण माहितीची परीक्षा होती. चोराच्या मागावर जाण्याची परीक्षा मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२५ सालीं मांडली. तिचें नांव एक्सायटिन-बेंच. त्यांनीं मुद्दाम रचलेले आठ हल्ले, त्यांच्या नोंदींचीं ५७ कोष्टकें व ५८९ प्रश्न घेतले. यंत्रानें एक पृच्छा करावी, फळ पाहावें, त्यावरून दुसरी करावी, असें पायरीपायरीनें जावें. आणि अखेरचें उत्तर चुकलें तरी मधल्या बरोबर पायऱ्यांचे गुण मिळावे, अशी सोय ठेवली. भूमितीच्या पेपरांत आम्हीही हेंच करीत आलों. पूर्ण गुण १ धरल्यास पहिल्या प्रसिद्ध झालेल्या निकालांत सर्व प्रतिमानांची सरासरी ०.२४९ भरली आणि सर्वोत्तमाचा आंकडा ०.३६८. आमच्या शाळेंत ३५ गुणांस उत्तीर्ण म्हणत. म्हणजे पहिला आलेला विद्यार्थी जेमतेम काठावर! नवीं प्रतिमानें भराभर येतात व अधिक गुण मिळवितात, तेव्हां हे आंकडे कोणीं कायमचे समजूं नयेत. गुणानुक्रमापेक्षां मोलाची गोष्ट निराळीच आहे, ती म्हणजे चुकांची जात.

आमचा एक पुतण्या पुण्यास याच रखवालीच्या कामावर आहे. त्याची पाळी रात्रीची. घरांतील मंडळी निजलीं कीं हा ओटीवर लॅपटॉप उघडून बसतो. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं एकच प्रश्न निरनिराळ्या प्रतिमानांस घालून पाहिला. तो म्हणाला, “काका, भाषा सगळ्यांना येते. पण आमचा वाडा कोणाला ठाऊक नसतो. कोणती खोली कुठें, कोठीची किल्ली कोणाकडे, हें त्यांना कोण सांगणार?”

पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणें चुका दोन जातींच्या होतात. पहिली बोलकी. प्रतिमान मुळांत नसलेल्या रकान्याचें नांव कल्पून लिहितें. जसें शशशृंग, जसें आकाशपुष्प. यंत्र तात्काळ ओरडतें, ‘असा रकाना नाहीं.’ ही चूक लाजिरवाणी खरी, पण निरुपद्रवी. कारण ती लपत नाहीं. दुसरी जात मुकी. मायक्रोसॉफ्टच्या सेंटिनेल व्यवस्थेंत नोंदीची वेळ जागतिक मानानें, म्हणजे यूटीसींत, साठविलेली असते, आणि आपलें घड्याळ तिच्यापुढें साडेपांच तास चालतें. पुण्यांत रात्रीं १ ते ४ च्या दरम्यान घडलेलें कृत्य त्या वहींत आदल्या तारखेस १९.३० ते २२.३० या वेळांत लिहिलेलें असतें. सूर्योदयापासून दिवस धरणारा आणि मध्यरात्रीपासून धरणारा यांच्यांत पहांटेच्या वाराबद्दल जो घोळ होतो त्याच जातीचा हा घोळ. प्रतिमानानें ‘रात्रीं १ ते ४’ हे शब्द जसेच्या तसे पृच्छेंत घातले, तर व्याकरण निर्दोष, यंत्र शांत, आणि उत्तर येतें: नोंदी शून्य. पुढें प्रतिमान गोड भाषेंत कळवितें, ‘संशयास्पद असें कांहीं आढळलें नाहीं.’ रखवालदार जांभई देतो व चहा घ्यावयास उठतो.

येथें आपल्या शास्त्रकारांची आठवण होते. कुमारिलभट्टांच्या परंपरेंतील मीमांसकांनीं आणि अद्वैत वेदान्त्यांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानलें. भूमीवर घट दिसत नाहीं, म्हणून घट नाहीं असें ज्ञान होतें. परंतु त्यांनीं त्यास एक अट जोडली, ती योग्यतेची. घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिति असली पाहिजे. उजेडांत घट न दिसणें हा त्याच्या अभावाचा पुरावा होय. अंधारांत न दिसणें हा कशाचाच पुरावा नव्हे. पिशाच दिसत नाहीं एवढ्यावरून तें नाहीं असें म्हणतां येत नाहीं, कारण तें दिसण्याजोगें मानलेलेंच नाहीं. शून्य नोंदींचें उत्तर याच कसोटीस लावावें लागतें: चोर आला असता तर तो या वहींत, या तासांत, या रकान्यांत दिसलाच असता काय?

हा केवळ शाब्दिक काथ्याकूट नव्हे, हें पुणेकरांस अनुभवानें ठाऊक आहे. १९०६ सालीं स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेवर २०१८ च्या ऑगस्टांत हल्ला झाला. शनिवार ता. ११ रोजीं कांहीं तासांच्या आंत २८ देशांतील एटीएमांतून बनावट कार्डांनीं पैसे काढले गेले, सोमवार ता. १३ रोजीं आणखी सुमारें १४ कोटि रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत वळविण्यांत आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या घरांत. युक्ति काय होती? एटीएमची मागणी बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोंचूंच दिली नाहीं. मध्येंच एक तोतया बसविला, आणि प्रत्येक मागणीस ‘द्यावे’ म्हणून त्यानेंच परस्पर उत्तर दिलें. ग्राहकांच्या खात्यांस धक्का लागला नाहीं असें बँकेनें त्या वेळीं सांगितलें. तें ऐकून अनेकांस हायसें वाटलें; पण रखवालदाराच्या दृष्टीनें तेंच भयंकर होय. अशा वेळीं मुख्य खतावणीस कितीही शुद्ध पृच्छा करा, ती ‘आढळलें नाहीं’ असेंच म्हणणार, कारण चोर त्या दारानें आलाच नाहीं. एटीएमचा रोजमेळ आणि मुख्य खतावणी शेजारीं शेजारीं ठेवून दोहोंतील तफावत विचारणें, हा प्रश्न खरा. आजचें प्रतिमान ती पृच्छा क्षणांत लिहूं शकेल. ती विचारावी हें त्यास आपण होऊन सुचतें काय, ही त्याची परीक्षा.

सांप्रत आमचा पुतण्या व त्याचे सोबती कोणत्याही प्रतिमानावर विसंबण्यापूर्वीं एक साधा उपाय करतात. ठरल्या वेळीं आपणच एका यंत्रावर तीन वेळां मुद्दाम चुकीचा पासवर्ड देतात आणि ती वेळ कागदावर टिपून ठेवतात. दुसऱ्या दिवशीं प्रतिमानास विचारतात, रात्रीं कोणीं दार खटखटविलें काय? ज्यास ती खुणेची नोंद सांपडत नाहीं त्याचें ‘नाहीं’ त्या रात्रीपुरतें खोटें धरलें जातें, मग त्याचा गुणानुक्रम कितवाही असो. शिवाय शून्य उत्तर देतांना कोणतें कोष्टक पाहिलें, कोणते तास पाहिले आणि त्या तासांत एकंदर नोंदी किती होत्या, हें न विचारतां सांगणारीं प्रतिमानें ते वेगळीं काढतात. एकंदर नोंदीही शून्यच निघाल्या, तर निजलेल्या वरिष्ठास फोन करून उठवावयाचें, असा त्यांच्यांत नियम आहे. गेल्या महिन्यांत तसा फोन दोनदां गेला. एकदां नोंदी पाठविणारें यंत्रच बंद पडलें होतें. दुसऱ्या वेळचें कारण पुतण्यानें सांगितलें नाहीं, आणि नोकरीची बाब असल्यामुळें आम्हीही खोदून विचारलें नाहीं.