दुसरे महायुद्ध आणि त्रिस्तान द कुन्हा बेटावरील समाजजीवन

दक्षिण अटलांटिक महासागरातील त्रिस्तान द कुन्हा ही जगातील सर्वांत दुर्गम मानवी वस्ती मानली जाते. सर्वांत जवळची वस्ती असलेले सेंट हेलेना बेटही तेथून सुमारे २,४०० किलोमीटर दूर आहे. युद्धपूर्व काळात बटाटे, मासे व पशुधन यांवर बेटवासीयांची उपजीविका चाले. पैशाला व्यवहारात स्थान नव्हते. क्वचित येणाऱ्या जहाजांशी वस्तुविनिमय होई.

१९४२ मध्ये ब्रिटिश नौदलाने तेथे गुप्त हवामान व बिनतारी केंद्र उभारले. बांधकामाच्या मजुरीमुळे चलन प्रथमच दैनंदिन व्यवहारात आले. शाळा व वैद्यकीय सेवाही मिळू लागली. तथापि जुनी मूल्यकल्पना तत्काळ लोपली नाही. १९४६ मध्ये ॲलन क्रॉफर्ड यांनी तयार केलेल्या अनधिकृत टपाल तिकिटावर एक पेनी म्हणजे चार बटाटे, असे मूल्य दर्शविले होते.

नौदल परतले, परंतु पैशाची गरज मागे राहिली. १९४९ मध्ये सुरू झालेल्या शेवंड-मासेमारीच्या उद्योगाने ती भागविली. युद्धाने सुविधा दिल्या. त्याचबरोबर स्वावलंबी समाजाला बाह्य बाजारपेठेशी कायमचे बांधले. मात्र १९६१ च्या ज्वालामुखी उद्रेकामुळे इंग्लंडला हलविलेले बहुसंख्य बेटवासी १९६३ मध्ये स्वेच्छेने परतले. अर्थव्यवस्था बदलली तरी भूमीशी असलेले नाते तुटले नव्हते, हेच यातून स्पष्ट होते.