या चार तबकड्या जपून ठेवा!

बालमित्रांनो, आमच्या नारायणगडाला लोक 'धाकटी पंढरी' म्हणतात. गडावरचं भजन कधी नीट ऐकलंत, तर एक गंमत लक्षात येईल. एकजण चरण म्हणतो, टाळकरी तो उचलून धरतात. मग म्हणणारा तोच चरण वेगळ्या सुरात फिरवतो, पखवाजवाला मध्येच एक झकास तुकडा वाजवतो आणि सगळे बरोबर समेवर येतात! हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं. सारं तिथल्या तिथं सुचतं.

ही गंमत ठाऊक असेल, तर जाझ तुम्हाला निम्मं कळलंच म्हणून समजा.

"जाझ? ते तर साहेबांचं संगीत!" आमच्या वर्गातला एकजण म्हणाला. नाही रे बाबा! जाझ घडवलं ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी. त्यांच्या वाडवडिलांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलं होतं. शेतात राबताना एकानं गायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत. त्यातून, चर्चमधल्या गाण्यांतून आणि बँडच्या वाजवण्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहरात जाझ आकाराला आलं.

मग संग्रहात कुठल्या तबकड्या हव्यात? माझ्या आवडीच्या चार सांगतो.

पहिली आपल्या घरचीच : 'अलबेला' या १९५१च्या चित्रपटाची गाणी. संगीतकार सी. रामचंद्र, आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेले. त्यांच्या साथीला होते गोव्याच्या हळदोण्याचे चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. असा ट्रम्पेट वाजवायचे, की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत! या चित्रपटात ते आपल्या बँडसह दिसतातसुद्धा.

दुसरी, 'रागा जाझ स्टाइल' (१९६८), शंकर-जयकिशन यांची. तोडी, भैरव, मालकंस असे अकरा राग आणि जोडीला जाझचा ठेका! सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा. सतार आणि सॅक्सोफोन एकमेकांशी कसे बोलतात, ते कान देऊन ऐका.

तिसरी, 'टाइम आउट' (१९५९). पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८च्या दौऱ्यात भारतातही येऊन गेले. त्याच दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून त्यांनी नऊ मात्रांचा एक ठेका ऐकला आणि त्यावर रचना बांधली. चला, टाळ्या वाजवा : एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन! चुकलात? हरकत नाही, पुन्हा करा.

चौथी, 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९). ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी साथीदारांच्या हाती पूर्ण लिहिलेलं संगीत दिलंच नाही. दिले ते थोडे सूर आणि नुसता आराखडा. अगदी आपल्याकडे आरोह-अवरोह सांगून राग मांडायला लावावा तसं! पहिल्याच रचनेत बास नावाचं जाड तारांचं वाद्य प्रश्न विचारतं आणि बाकीचे दोनच सुरांत उत्तर देतात. टाळकऱ्यांची आठवण होते की नाही?

तबकडी घरी नसली तरी मोठ्यांच्या फोनवर यातलं बरंचसं ऐकायला मिळेल. पण एक पथ्य पाळा. चारही एकदम ऐकू नका. एकच घ्या आणि आठवडाभर तीच ऐका. पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटेल, चौथ्या वेळेला वाद्यं वेगळी ऐकू येतील.

आणखी एक काम सांगतो. जुन्या काळी चित्रपटाच्या तबकडीवर संगीतकाराचं, गायकाचं नाव छापत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांची नावं बहुधा नसत. गोव्याच्या चर्चच्या शाळांत सूर लिहाय-वाचायला शिकलेले कितीतरी वादक मुंबईला आले, आपल्या आवडत्या गाण्यांत वाजवून गेले आणि आपल्याला त्यांची नावंच ठाऊक नाहीत! म्हणून जे ऐकाल, त्यात कोण काय वाजवतं ते शोधा आणि वहीत लिहून ठेवा. संग्रह म्हणजे नुसती तबकड्यांची चवड नव्हे, बरं का!

वहीचं पहिलं पान मात्र रिकामं ठेवा. तुमच्या गावच्या भजनात पखवाज कोण वाजवतं? ते नाव तिथं लिहा.

लिहाल ना?