दीड लिटर पाणी जातं कुठं?

भर आषाढात, माळशेज घाटात गाडी उकळते हे मला पटत नव्हतं. उन्हाळ्यात मुरबाडकडून वर येताना बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतातच. पण इथे धुकं उतरलेलं, पाऊस आडवा मारत होता, आणि त्यात टोमॅटोची एक पिकअप वळणावर वाफ सोडत उभी. मागे रिकामे क्रेट. पंचविशीतला ड्रायव्हर कड्यावरून पडणाऱ्या धारेखाली कॅन धरून भिजत होता. म्हणाला, "वाशीची एक खेप झाली की दीड लिटर पाणी पिते. रेडिएटर बदलला, पंप बदलला. तरी दीड लिटर ते दीड लिटरच." गाडी त्याच संध्याकाळी नारायणगावच्या एका जुन्या मिस्त्रीकडे लावायची होती. पावसात उकळणाऱ्या गाडीचं मूळ सापडतं कसं, ते मला बघायचं होतं. मीही गेलो.

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावात कुणाला थांबायला वेळ नसतो. बाजार समितीच्या आवारात वीस-वीस किलोचे क्रेट चढत असतात, आणि तोडलेला माल शेतात एक रात्र जास्त राहिला तर भाव पडतो. ड्रायव्हरनं आल्या आल्याच सांगितलं, "आबा, रात्रीतून करून द्या, उद्याची खेप लागलीय." आबांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. "गरम गाडीत मला काही कळायचं नाही. सकाळी ये. आणि चालू करू नकोस, मी करीन."

मग ते शेजारी बसले आणि विचारत राहिले. कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये काटा वर जातो का? नाही. सपाट रस्त्याला, पळताना? नाही. चढाला? हो, टोकावड्याच्या पुढं घाट लागला की. माल भरून उतरताना? तेव्हा काहीच नाही. पाऊस असताना आणि नसताना फरक पडतो? पोरानं जरा आठवून पाहिलं. "नाही, सारखंच." आबांनी मान डोलावली. उभ्या गाडीत काटा चढला तर पंख्यावर संशय, पळताना चढला तर रेडिएटर चोंदलेला. पण जोर लावला की चढतो आणि थंड हवेचाही उपयोग होत नाही, म्हणजे उष्णता बाहेर जात नाही एवढंच नाही, कुठून तरी जास्तीची आत येते आहे. हे सगळं एका पान्यालाही हात न लावता निघालं. मला विचाराल तर निम्मी दुरुस्ती तिथंच झाली होती.

सकाळी इंजिन गार होतं. बॅटरी घेऊन आबा गाडीखाली सरकले. कूलंट गळून सुकलं की जागेवर रंगीत खार उरतो. होज पाइपांच्या तोंडाशी, रेडिएटरच्या कडेला, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी त्यांनी तो शोधला. पायाखालचं मॅट उचलून दाबून पाहिलं, कारण हीटरची जाळी गळत असेल तर पाणी तिथं मुरतं. सगळं कोरडं. झाकणाच्या जागी हातपंप लावून आत हवेचा दाब भरला. काटा अगदी सावकाश उतरत होता, आणि खाली एक थेंब नाही.

"बाहेर गळत नाही, मग दीड लिटर जातं कुठं?" आबांनी विचारलं. पोरगा गप्प. एक कुत्रं रेडिएटरमधून काढलेल्या पाण्याच्या घमेल्याकडे आलं, तसं आबांनी ते आधी उचलून वर ठेवलं. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. ते वाक्य त्यांनी इतक्या सहज उच्चारलं की त्यांनी कधीतरी तसं बघितलं असावं. त्या घमेल्याचा मंद, पाकासारखा वास मला दिवसभर येत राहिला. त्यात कूलंट फार थोडं उरलं होतं. बाकी गंजानं तांबूस झालेलं बोअरचं पाणी.

आता त्यांनी गाडी चालू केली, आणि माझा हात धरून वरच्या होज पाइपवर ठेवला. पाइप गार होता. मिनिटभरात तो हाताखाली टणक झाला. पण गारच. पाणी तापून फुगलं असतं तर पाइप आधी गरम लागला असता. इथे पाण्यात दाब आला होता तो उष्णतेशिवाय. म्हणजे सिलिंडरमधला जळालेला वायू पाण्याच्या वाटेत घुसत होता. सगळ्या गोष्टी त्या एका टणक पाइपात उलगडल्या. चढाला जोर लागला की वायू जास्त घुसतो, पाणी झाकणातून बाहेर ढकलतो, पाणी कमी झालं की इंजिन तापतं.

पुरावा म्हणून त्यांनी काचेच्या नळीत निळा द्राव घेतला आणि रेडिएटरच्या तोंडावर धरला. पाण्यातून येणारी हवा त्यातून ओढली. कार्बन डायऑक्साइड असेल तर या द्रावाचा रंग बदलतो. निळा हळूहळू हिरवट झाला. "हेड गॅस्केट," आबा म्हणाले, आणि तेव्हा कुठे पाना उचलला.

हेड उतरवायला अर्धा दिवस गेला. तीन पिस्टनांवर काजळी होती. चौथा धुतल्यासारखा स्वच्छ. दीड लिटरातलं काही पाणी आत शिरून वाफ होत होतं, त्या वाफेनं काजळी खरवडून नेली होती. गॅस्केटवर त्या सिलिंडरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत एक काळी वाट पडली होती, बोटभर लांब. हेडवर सरळ पट्टी ठेवून आबांनी खाली गेज घातलं. ०.०५ मिलिमीटरची पाती सहज गेली, ०.१०ची पण गेली. बऱ्याच हेडना सपाटीत यापेक्षा कमी फरक चालतो.

पण आबा इथे थांबले नाहीत, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी. गॅस्केट उगाच उडत नाही, हेड उगाच वाकत नाही. खालच्या होजवर एकच क्लिप नवी का, असं त्यांनी विचारलं. पोरानं मान खाली घातली. मे महिन्यात पाइप फाटला होता, माल वेळेत पोचवायचा होता, लाल दिवा लागलेला असतानाच तो तसाच काही अंतर गेला होता. त्यानंतर कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकला होता, "गाडी थंड राहील" म्हणून. शिवाय झाकणाची स्प्रिंग मेलेली. हे स्वस्तातलं झाकण धड असलं तर साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं आणि त्यामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. दाब धरला नाही तर जुन्नरच्या उंचीवर ते शंभराच्या आधीच उकळतं.

आधीच्या गॅरेजांना मी लबाड म्हणणार नाही. रेडिएटर जुना होताच, पंपही. पण त्यांनी जे दिसलं ते बदललं. पाणी कुठे जातं, हे कुणी विचारलं नाही. ते विचारायला एक रात्र आणि एक सकाळ लागते, आणि हंगामात ती कुणी देत नाही. ड्रायव्हरकडे हप्त्याची तारीख असते, मालकाकडे क्रेट.

हेड घेऊन आम्ही कळंबवरून मंचरला गेलो. मशीनवर फेसिंग झालं. हवा भरून हेड पाण्यात बुडवलं, तडा नव्हता. परत येऊन नवे बोल्ट, नवं गॅस्केट, टॉर्क पान्यानं मधून बाहेर अशा क्रमानं आवळणं, थर्मोस्टॅट, झाकण, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी, हवा काढणं. संध्याकाळी गाडी सुरू झाली. आता होज आधी गरम झाला, मग टणक.

बिल मी वाचलं. गॅस्केट सेट, बोल्ट, थर्मोस्टॅट, झाकण, कूलंट, फेसिंग, हेड उतरवून बसवायची मजुरी. आदल्या रात्रीचे प्रश्न, सकाळचा दाब, निळा द्राव, यांची ओळच नव्हती. मी विचारलं तर आबा म्हणाले, "बघायचे पैसे कोण देतं?" पोरानं मजुरीत घासाघीस केली, आबांनी पाचशे कमी केले. ते कमी करायला नको होते, असं मला तिथंच वाटलं आणि मी तसं बोललोही. पोरगा वाईट नव्हता, त्यानं मागच्या दोन गॅरेजांत रेडिएटर आणि पंपाचे पैसे एक रुपया कमी न करता मोजले होते. तिथं निदान हातात नवी वस्तू दिसली होती.

निघताना आबांनी त्याला कूलंटच्या बाटलीवरच्या खुणा दाखवल्या. रोज सकाळी, इंजिन गार असताना, खालच्या खुणेच्या वर पाणी आहे का बघायचं. आणि कमी झालं तर पाणी भरून पुढं जायचं नाही, फोन करायचा.