पेडण्याचे पेडे झाले तेव्हा

"पेडे कसले गो? आमचें पेडणें खंय गेलें?"

सासूबाई चष्मा पुसून पुन्हा स्क्रीनकडे बघत होत्या. मी 'पेडणे' टाइप केलं होतं आणि समोर उमटले होते 'पेडे'. आधी दोघीही हसलो. मग मी 'धालो' लिहिलं, तर आलं 'धलो'. 'मराठी'चं झालं 'रठी'. 'मामा' लिहिलं तर काहीच नाही. मामा गायब!

हसू तिथेच थांबलं. सासूबाई आता ८२ वर्षांच्या आहेत. पौषात मांडावर धालो खेळताना म्हणायची गाणी त्यांना पुष्कळ येतात, पण हल्ली सलग आठवत नाहीत. दिवेलागणीनंतर अर्धा तास त्या सांगतात आणि मी टाइप करते. गेल्या वर्षी सांगितलेलं एक गाणं यंदा त्यांना अर्धंच आठवलं. पूर्ण गाणं फक्त माझ्या फाईलमध्ये आहे, फाईल फक्त या लॅपटॉपवर आहे आणि तिची दुसरी प्रत कुठेही नाही. (हो, माहीत आहे मला. रागावू नका.)

लॅपटॉपची बिजागरी तुटली होती म्हणून म्हापशाच्या एका दुकानात दिला होता. झाकण आता छान उघडत होतं, पण घरी आल्यावर पासवर्डच घेईना. तीनदा टाकला, तिन्ही वेळा चुकला. पासवर्डमध्ये डी आणि ३ होते, हे नंतर ध्यानात आलं. विंडोज ११ च्या पासवर्डच्या पडद्यावर खाली उजवीकडे माणसाच्या आकृतीचं एक छोटं चिन्ह असतं. तिथून पडद्यावरचा कीबोर्ड उघडता येतो. माऊसने एकेक अक्षर दाबून आत शिरले आणि सगळ्यात आधी ती फाईल पेन ड्राईव्हवर घेतली. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "कीबोर्ड गेला असणार मॅडम, नवीन घालू. तीन हजार." बिजागरी दुरुस्त करायला दिल्यावर कीबोर्ड कसा जाईल, हे मला पटेना. मग मी तासभर चुकीच्या वाटेने गेले. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, चार वेळा रीस्टार्ट केलं, भाषेच्या सेटिंगशी खेळले. खरं तर पडद्यावरचा कीबोर्ड सगळी अक्षरं नीट उमटवत होता, तेव्हाच कळायला हवं होतं. त्यातून मुलाचा यूएसबी कीबोर्ड जोडून बघितला, तोही ठीक. म्हणजे विंडोज शहाणं होतं. दोष बटणांपासून आतल्या जोडणीपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी होता.

तुमच्याकडे मात्र लक्षणं वेगळी असली तर आधी सेटिंगच बघा. भलतंच अक्षर उमटत असेल तर भाषा बदललेली असू शकते. काही लहान लॅपटॉपवर जे, के, एलच्या जागी आकडे येतात, तिथे नम लॉक सुरू झालेलं असतं. आणि बटण बराच वेळ दाबल्यावरच चालत असेल तर 'फिल्टर कीज' लागलंय. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की ते लागू शकतं, आणि पुस्तक टेकवून ठेवलं तरी तेवढं पुरतं!

माझा सुगावा मिळाला तो डिचोलीमुळे. डिचोली माझं माहेर. 'डिचोली' हा शब्द एकही अक्षर न गाळता उमटत होता आणि पेडण्याचा 'ण' मात्र येत नव्हता. मग कागदावर कीबोर्ड काढून मेलेल्या बटणांवर फुल्या मारल्या. ३, ई, डी, सी. चारही एका तिरक्या रेषेत! मी इन्स्क्रिप्टने टाइप करते. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ मानकात तो आराखडा आहे. त्यात ईवर काना आणि 'आ', डीवर पाय मोडायचं चिन्ह आणि 'अ', सीवर 'म' आणि 'ण' येतात. डिचोलीला यातलं काहीच लागत नाही. माहेर सुखरूप, सासर अर्धं!

लॅपटॉपला ८० च्या आसपास बटणं असली तरी प्रत्येकाला वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक बटण दोन रेषांच्या छेदावर बसतं. या सगळ्या रेषा एका चपट्या पट्टीतून मदरबोर्डच्या खाचेत जातात. एक रेष तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. एकटंच बटण बंद असेल तर कचरा किंवा त्या बटणाचाच दोष. पण ठरावीक ओळीतला गट गेला, आणि तोही लॅपटॉप उघडल्यानंतर, तर आधी संशय त्या पट्टीवर घ्यावा. बिजागरीसाठी लॅपटॉप उघडताना ती पट्टी बहुधा काढावीच लागते.

रविवारी कोलवाळचा पूल ओलांडून, थिवी-अस्नोड्यामार्गे डिचोलीला गेले. धाकटा भाऊ आयटीआय केलेला. "ताई, चार्जर काढलास ना?" हा त्याचा पहिला प्रश्न. खालचं झाकण उघडून त्याने आधी बॅटरीची जोडणी सोडवली, मगच बाकीला हात लावला. पट्टी खाचेत होती, पण किंचित तिरकी. एका कडेची तार टेकतच नव्हती. नखाने खाचेची काळी कडी हलकेच उचलली, पट्टीचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, पूर्ण वाळू दिलं, सरळ आत सरकवलं आणि कडी खाली केली. ही कडी काडीसारखी मोडते. ज्याला सवय नाही त्याने हात लावू नये, मीही लावला नाही. लॅपटॉपवर चहा-पाणी सांडलं असतं तर मात्र एवढ्याने भागलं नसतं. आतले थर गंजले तर कीबोर्ड बदलावाच लागतो.

झाकण लावायच्या आधीच 'मामा' टाइप केलं. आला!

दुकानदाराला फोन करून सांगितलं. तो थोडा ओशाळला, "आणा, मी परत बघतो" म्हणाला. मी गेले नाही. पण आता दुरुस्तीचे पैसे देण्याआधी काऊंटरवरच बाराखडी आणि सगळे आकडे टाइप करून बघते. मागे रांग असली तरी.

त्या दोन संध्याकाळी सासूबाईंनी सांगितलेली गाणी मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीत लिहून घेतली होती. त्यातलं एक टाइप करून झालंय. दुसऱ्यातल्या तिसऱ्या ओळीचं माझं मलाच वाचता येत नाहीये. आज दिवेलागणीनंतर त्यांना विचारायचं आहे.