चाहूल घेणारा पहारेकरी

आपल्या हद्दीत परका मनुष्य शिरला, तर त्याची वार्ता आपल्याला तत्काळ मिळावी, ही गरज फार प्राचीन आहे. कुत्रा पाळणे हा त्यावरील सर्वपरिचित उपाय होय. इ. स. पू. ३९० च्या सुमारास गॉल लोक रात्री रोममधील कॅपिटोल टेकडी चढून आले, तेव्हा देवळातील हंसांच्या कलकलाटाने रक्षक जागे झाले, अशी कथा रोमन इतिहासकार लिव्ही याने सांगितली आहे. पुढे १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी धोक्याच्या विद्युत्‌घंटेचे पेटंट घेतले. दार उघडताच विद्युत्‌मंडल पूर्ण होई आणि घंटा वाजू लागे. परंतु उघड्या अंगणात किंवा बागेत, जेथे दारच नाही, तेथे अशी घंटा निरुपयोगी ठरते. ही उणीव आज काहीशे रुपयांत मिळणारे, हालचालीवर वाजणारे यंत्र भरून काढते.

हे यंत्र पाहत नाही आणि ऐकतही नाही. ते उष्णतेची चाहूल घेते. प्रत्येक उष्ण वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. विल्यम हर्शेल यांनी हे किरण १८०० साली शोधून काढले. मानवी शरीरातून येणाऱ्या अशा किरणांची तीव्रता ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. काही स्फटिक असे असतात, की त्यांचे तापमान किंचित बदलले तरी त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो. यंत्रात अशा पदार्थाचे दोन तुकडे परस्परविरुद्ध जोडलेले असतात. सारे वातावरण एकदम तापले, तर दोहोंचे परिणाम एकमेकांना छेद देतात आणि यंत्र स्तब्ध राहते. मनुष्य समोरून आडवा गेला, तर त्याची उष्णता आधी एका तुकड्यावर व मग दुसऱ्यावर पडते. या क्रमामुळे जो विद्युत्‌संकेत उमटतो, त्याने भोंगा वाजतो किंवा दिवा लागतो. यंत्रावरील प्लॅस्टिकचे खाचेदार भिंग समोरच्या क्षेत्राचे अनेक पट्टे पाडते, त्यामुळे दोन पावले टाकली तरी चाहूल लागते.

हे तत्त्व लक्षात घेतले, म्हणजे यंत्र कसे बसवावे हे आपोआप कळते. येणारा मनुष्य यंत्राकडे सरळ चालत न येता त्याच्यासमोरून आडवा जाईल, अशी जागा निवडावी. काचेतून हे किरण जात नाहीत, म्हणून यंत्र खिडकीच्या आत ठेवून अंगणाची राखण होत नाही. उन्हाने तापलेली व वाऱ्याने हलणारी फांदी, गरम हवेचा झोत, भटके कुत्रे यांमुळेही भोंगा वाजू शकतो. उलट, कडक उन्हाळ्यात हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले, की दोहोंतील फरक पुसट होतो व यंत्राची संवेदनक्षमता घटते.

खोटा इशारा ही येथे क्षुल्लक बाब नव्हे. ‘लांडगा आला रे आला’ म्हणून ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. रोज रात्री विनाकारण वाजणाऱ्या भोंग्याकडे शेजारी दुर्लक्ष करू लागतात आणि खरोखर गरज पडते त्या रात्री कोणीही उठत नाही. घरात एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती असेल, तर या दुर्लक्षाची किंमत फार मोठी असते.

असे असले तरी या साधनाचा एक गुण विसरता येणार नाही. पिकांच्या रक्षणासाठी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडण्याचा बेकायदा प्रकार आपल्या देशात अनेक ठिकाणी घडतो आणि त्यात जनावरांप्रमाणेच माणसेही प्राणास मुकतात. ती तार चोर, वाट चुकलेला वाटसरू आणि चेंडू आणायला आलेले मूल यांत भेद करीत नाही. भोंग्यालाही तो भेद कळत नाही, पण तो कोणाला इजा करीत नाही. अंधारात आपण कोणाला दिसत नाही, हा चोराचा भरवसा तो मोडतो, एवढेच त्याचे काम. आलेला मनुष्य कोण आहे याचा निर्णय जागे झालेल्या माणसांनी करावयाचा असतो. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी शेजाऱ्यांशी बोलून ठेवावे, हे उत्तम. भोंगा फक्त हाक मारतो. त्या हाकेला ओ देणारे कोणी असेल, तरच घर सुरक्षित राहते.