विश्लेषण : परदेशी शिष्यवृत्ती सरकारची, पण विमानात बसण्याआधीचा खर्च कोणाचा?

मागास घटकांतील विद्यार्थ्यांना परदेशात शिकता यावं, यासाठी केंद्र आणि राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता, विमानाचं तिकीट असं बरंच काही त्यात मिळतं. तरीही घरात पहिल्यांदाच पासपोर्ट काढणाऱ्या मुलांची गाडी अडते ती शिष्यवृत्ती हातात पडण्याआधी. असं का होतं?

कोणत्या योजना आहेत?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप 1954-55 पासून सुरू आहे. दरवर्षी 125 जागा, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी. उरलेल्या 10 भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतील मुलांना. उत्पन्न मर्यादा वर्षाला 8 लाख रुपये. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या 20 जागा आहेत. राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या 75 जागा. देशाचा आकार पाहता हे आकडे तसे किरकोळच.

मग अडचण कुठे?

खर्चाच्या क्रमात. केंद्राच्या योजनेत अर्ज करायला परदेशी विद्यापीठाचं 'अनकंडिशनल ऑफर लेटर' लागतं. ते मिळवण्याचा खर्च विद्यार्थ्याचा. आयईएलटीएस परीक्षेचं शुल्क साधारण 18 हजार रुपये. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं एका अर्जाला 75 ते 125 डॉलर घेतात. चार ठिकाणी अर्ज केला तरी 30-35 हजार जातात. शिवाय ट्रान्स्क्रिप्ट, कुरिअर. शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर हे पैसे बुडाले. शेतमजुराच्या घरात एवढी रक्कम पणाला लावणं म्हणजे जवळपास जुगारच.

पुढचा टप्पा व्हिसाचा. ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी केवळ आरोग्य अधिभारच 1,164 पौंड, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून जास्त होतो आणि तो व्हिसाचा अर्ज करतानाच ऑनलाइन भरावा लागतो. केंद्राच्या योजनेत व्हिसा शुल्क आणि आरोग्य विम्याची तरतूद आहे, पण त्या दिवशी कार्ड कोणाचं वापरायचं, हा प्रश्न उरतोच.

स्वखर्चाने जाणाऱ्याला ब्रिटनच्या व्हिसासाठी सलग 28 दिवस बँकेत पुरेशी रक्कम दाखवावी लागते. सरकारी शिष्यवृत्तीधारकाला त्याऐवजी शिष्यवृत्तीचं पत्र चालतं. त्यामुळे पत्राच्या तारखेवर सगळं अवलंबून असतं. जुलै 2025 मध्ये नेमकं इथेच घोडं अडलं. केंद्राच्या योजनेत निवडलेल्या 106 जणांपैकी सुरुवातीला फक्त 40 जणांना पत्रं मिळाली. बाकीच्या 66 जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र देऊ, असं कळवण्यात आलं. ब्रिटनमधली बहुतेक सत्रं सप्टेंबरमध्ये सुरू होतात.

प्रश्न नवा नाही. 1913 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपली आणि 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुन्हा जायला 1920 उजाडलं.

पासपोर्टचं काय?

तो मानाने सोपा. 36 पानी पासपोर्टचं शुल्क 1,500 रुपये. 1 ऑक्टोबर 2023 पूर्वी जन्मलेल्यांना जन्मदाखला सक्तीचा नाही, शाळा सोडल्याचा दाखला चालतो. आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरेसं आहे. अनाथाश्रमात वाढलेल्यांना संस्थाप्रमुखांचं जन्मतारखेचं पत्र चालतं. घोळ होतो तो आधार आणि मार्कशीटवरच्या नावांत फरक असला की. तो दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच पासपोर्ट काढलेला बरा.

खर्च कमी करता येतो का?

थोडाफार. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं विनंती केल्यास अर्ज शुल्क माफ करतात. त्यासाठी प्रवेश विभागाला ईमेल करावा लागतो. ब्रिटनमधली काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीतल्या गुणांवर आयईएलटीएसची अट शिथिल करतात. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज मोफत असतो आणि तो भरताना ऑफर लेटर लागत नाही. मात्र दोन वर्षांच्या कामाचा अनुभव हवा. याच शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलेले बुलढाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे यांची 'एकलव्य' संस्था वंचित घटकांतल्या मुलांना अर्ज आणि निबंध तयार करायला मदत करते.