मुखमुद्रा आणि कुलूप

स्मृतिव्याख्यानाच्या या पुस्तिकेत मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने मोबाईल फोनच्या कुलपाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेली काही वर्षे शाळेचे माजी विद्यार्थी भेटले की साहित्याच्या गप्पा संपता संपता एक प्रश्न हमखास निघतो : ‘सर, चेहरा दाखवून फोन उघडणे सुरक्षित आहे काय?’ विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी साठी ओलांडलेली असते. त्यांचे निवृत्तिवेतन, बँकेतील ठेवी, वैद्यकीय कागदपत्रे, मुलानातवंडांची छायाचित्रे हे सारे आता त्या वीतभर पेटीत येऊन बसले आहे. तेव्हा प्रश्न हौसेचा नाही, आयुष्यभराच्या पुंजीचा आहे. ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात त्याचे उत्तर देता येत नाही. पण नीट उकलून सांगितले तर ते समजण्यास अवघडही नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू, कारण तो माझा प्रांत आहे. ‘मुद्रा’ या एकाच शब्दाने आपण माणसाचा चेहराही दाखवितो आणि राजाचा शिक्काही. मुखमुद्रा आणि राजमुद्रा यांचे काम एकच : समोरचा खरा आहे, याची ग्वाही देणे. ‘चेहरा’ हा फारसीतून आलेला शब्द तर एके काळी चक्क दप्तरी संज्ञा होता. अकबराच्या काळात मनसबदारांच्या पदरच्या घोड्यांना डाग देत आणि स्वारांचे रूपवर्णन कागदावर नोंदवून ठेवीत. त्या नोंदीलाच ‘चेहरा’ म्हणत. हजेरीच्या वेळी समोर उभा असलेला माणूस त्या वर्णनाशी ताडून पाहिला जाई. हेतू हा, की नेमलेल्या स्वाराच्या जागी भलताच कोणी उभा करून सरदाराने पगार उचलू नये. आपल्या ‘चेहरेपट्टी’ या शब्दात त्या व्यवहाराची आठवण अजून शिल्लक आहे. आजचा फोन याहून निराळे काही करीत नाही. आधी नोंद, मग प्रत्यक्ष हजेरी आणि शेवटी दोहोंचा ताळा, या त्याच तीन पायऱ्या आहेत.

हा ताळा दोन प्रकारे चुकू शकतो. खऱ्याला खोटा ठरवून दाराबाहेर ठेवणे ही एक चूक. खोट्याला खरा मानून आत घेणे ही दुसरी. पहिलीने त्रास होतो, दुसरीने घात होतो. मराठ्यांच्या इतिहासात दुसऱ्या चुकीचे मोठे उदाहरण आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण पुढे ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून एक इसम पुढे आला, त्याला मानणारे लोकही मिळाले आणि १७७६ साली कोकणात त्याने मोठे बंड उभे केले. त्याच वर्षी त्याला पकडून देहान्त शासन झाले. मराठीत तो ‘तोतया’ म्हणूनच ओळखला जातो. केवळ रूपसाम्यावर विसंबले की काय होते, हे त्यातून दिसते. कुलूप करणाऱ्याची सारी कसोटी येथेच आहे. तपासणी सैल केली तर तोतया आत शिरतो, फार कडक केली तर धनीच उंबऱ्यावर ताटकळतो.

आता फोनकडे वळू. चेहरा ओळखणारे सर्व फोन एका जातीचे नसतात, आणि आपला सगळा गोंधळ ते एकाच जातीचे मानल्यामुळे होतो. पहिल्या जातीचा फोन पुढच्या साध्या कॅमेऱ्याने आपले चित्र टिपतो आणि ते नोंदीतल्या चित्राशी ताडतो. म्हणजे चित्राची तुलना चित्राशी होते. मग जिवंत माणसाऐवजी त्याचे छायाचित्रच समोर धरले तर? २०११ साली अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीत ही सोय आली, तेव्हा नेमके हेच घडले; छायाचित्राने फोन उघडू लागले. पुढच्या वर्षी डोळ्यांची उघडझाप करून दाखविण्याची अट घालण्यात आली. तिलाही लोकांनी चकविले. २०१७ साली सॅमसंगच्या गॅलक्सी एस-८ या महागड्या फोनचीही तीच गत झाली. २०१९ च्या आरंभी नेदरलँड्समधील ग्राहक संघटनेने ११० फोन तपासल्याचे जाहीर केले. त्यांपैकी ४२ फोन मालकाच्या छायाचित्राने उघडले. आपली छायाचित्रे आज लग्नाच्या चित्रफितींत, स्नेहसंमेलनाच्या अंकांत आणि नातेवाइकांच्या फोनमध्ये सर्वत्र विखुरलेली आहेत. अशा स्थितीत ज्या कुलपाची किल्ली आपले छायाचित्र असेल, त्याला कुलूप म्हणणे कठीण आहे. ती नुसती कडी होय. वाऱ्याने दार उघडणार नाही, पण चोराला ती अडविणार नाही.

दुसऱ्या जातीचा फोन चेहऱ्याची खोली मोजतो. २०१७ च्या नोव्हेंबरात बाजारात आलेल्या ॲपलच्या आयफोन दहामध्ये ‘फेस आयडी’ नावाने ही पद्धत आली. फोनच्या वरच्या कडेतून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे तीस हजारांहून अधिक ठिपके चेहऱ्यावर टाकले जातात. नाक पुढे, डोळ्यांच्या खोबणी आत, गाल उतरते. त्यामुळे ठिपक्यांच्या रचनेत जे फरक पडतात, त्यांवरून फोन चेहऱ्याचा उंचसखलपणा काढतो. सपाट कागदावर हे उंचवटे नसल्यामुळे छायाचित्र येथे निष्प्रभ ठरते. प्रकाश फोनचा स्वतःचा असल्याने काळोखातही हे काम चालते. शिवाय डोळे उघडे आहेत आणि दृष्टी फोनकडे आहे, हेही पाहिले जाते.

हे कितपत भरवशाचे? कोणीही अनोळखी माणूस आपल्या चेहऱ्याने आपला फोन उघडू शकेल, याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी असल्याचे ॲपल सांगते. बोटाच्या ठशासाठी हाच आकडा ५० हजारांत एक असा दिला होता. तुलनेसाठी पाहा : चार अंकी संकेतांकाचे एकूण प्रकार १० हजार, सहा अंकीचे १० लाख. म्हणजे गणिताने पाहता चांगला चेहरा-ओळख फोन सहा अंकी संकेतांकाच्या तोडीचा आहे. व्यवहारात मात्र आपण संकेतांक म्हणून जन्मसाल, गाडीचा क्रमांक किंवा १२३४ असे काहीतरी ठेवतो, त्यामुळे संकेतांकाची ताकद कागदावर असते तेवढी उरत नाही.

या आकड्यालाही अपवाद आहेत. जुळी भावंडे, एकमेकांसारखी दिसणारी सख्खी भावंडे आणि ज्यांची चेहरेपट्टी अजून घडते आहे अशी तेरा वर्षांखालील मुले, यांच्या बाबतीत फसगतीची शक्यता वाढते, हे ॲपलनेच सांगितले आहे. २०१७ च्या नोव्हेंबरातच व्हिएतनाममधील बीकाव्ह या सुरक्षा संस्थेने त्रिमितीय छपाईचा साचा, सिलिकोनचे नाक आणि कागदावर छापलेले डोळे यांचा मुखवटा करून फेस आयडीला फसविल्याचा दावा केला. परंतु असा मुखवटा घडविण्यासाठी धन्याच्या चेहऱ्याची बारीक मापे हवीत, कारागीर हवा आणि फोनही हाती हवा. एवढे कष्ट कोणी मोठ्या आसामीसाठी घेईल. बसच्या गर्दीत खिसा कापणारा घेणार नाही. २०१९ साली गूगलचा पिक्सेल-४ खोली मोजणारा असूनही मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्यानेही उघडत होता. म्हणजे झोपलेल्या माणसासमोर फोन धरला की काम झाले. ही उणीव पुढच्या वर्षी दूर करण्यात आली. उलट २०२३ चा पिक्सेल-८ साध्या कॅमेऱ्यावर चालूनही सुधारलेल्या संगणकीय परीक्षेमुळे पैशांच्या व्यवहारास योग्य अशा वरच्या वर्गात बसला. तात्पर्य, जात महत्त्वाची खरी, पण अंतिम कसोटी परीक्षेची आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. चेहरा ही फोनची मूळ किल्ली नव्हेच. मूळ किल्ली संकेतांक. चेहरा ही रोजच्या येण्याजाण्याची सोय. आयफोन बंद करून पुन्हा सुरू केला, ४८ तास उघडला नाही, किंवा चेहरा पाच वेळा जुळला नाही, तर तो संकेतांकच मागतो. म्हणून ज्याचा संकेतांक ०००० आहे, त्याच्या चेहऱ्याच्या कुलपाला काही अर्थ नाही. पुढच्या दाराला पोलादी अडसर घालून मागचे दार सताड उघडे ठेवण्यासारखे ते आहे. मात्र याच कारणाने चेहऱ्याचा एक फायदाही होतो. स्थानकावर, दुकानात, बँकेच्या रांगेत आपण अंक दाबू लागलो की खांद्यावरून कोणी ते पाहू शकतो. अंक पाहून मग फोन हिसकावणाऱ्या चोरांचा उपद्रव इतका वाढला, की जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने त्यावर उपाय म्हणून स्वतंत्र व्यवस्था आणली. ती चालू केली असता, घराबाहेरच्या अपरिचित ठिकाणी महत्त्वाचे बदल करावयास केवळ संकेतांक पुरत नाही, चेहरा किंवा बोटही लागते. चौघांत चेहऱ्याने फोन उघडणारा आपला संकेतांक कोणाला दिसू देत नाही.

आणखी एक शंका अनेकांना छळते : आपला चेहरा या कंपन्यांकडे जातो काय? येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आयफोनमध्ये चेहऱ्याची नोंद गणिती स्वरूपात, फोनच्याच एका बंदिस्त भागात राहते. ती बाहेर पाठविली जात नाही. ‘तू तोच आहेस काय?’ एवढेच तो फोन विचारतो. निवृत्तिवेतनधारकांना परिचित असलेले ‘जीवन प्रमाण’ मात्र निराळे आहे. २०१४ साली सुरू झालेल्या या हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून चेहरा चालू लागला. तेथे आपला चेहरा आधारच्या मध्यवर्ती नोंदीशी ताडला जातो. आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने गर्दीतून ‘हा कोण?’ म्हणून शोधणे ही तिसरीच गोष्ट. तिघांनाही आपण ‘चेहऱ्याची ओळख’ म्हणतो, परंतु त्यांची जोखीम एक नव्हे. पहिल्याच्या भीतीने तिसऱ्यावर बोलणे किंवा तिसऱ्याच्या भीतीने पहिले टाकून देणे, दोन्ही अविचार होत.

चेहऱ्याचा खरा दोष तंत्रातला नाही, स्वभावातला आहे. संकेतांक मनात असतो, चेहरा उघड्यावर असतो. संकेतांक फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. संकेतांक सांगण्यास आपण नकार देऊ शकतो. चेहऱ्यापुढे मात्र कोणीही फोन धरू शकतो. शरीरावरचे आणि मनातले, हा भेद कायद्यालाही जुना आहे. बोटांचे ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात ठरविले. म्हणून जबरदस्तीची शंका येताच चेहऱ्याचे कुलूप तात्पुरते बंद कसे करावे, हे शिकून ठेवावे. आयफोनमध्ये बाजूचे आणि आवाजाचे बटण एकत्र काही क्षण दाबून धरले की पुढच्या वेळी संकेतांकाखेरीज तो उघडत नाही.

मग आपण काय करावे? खोली मोजणारा किंवा वरच्या वर्गात उतरलेला फोन असेल, तर सामान्य गृहस्थाने चेहऱ्याचे कुलूप निःशंक वापरावे. मात्र संकेतांक किमान सहा अंकी आणि कोणाला न सुचणारा ठेवावा. फोन कोणत्या वर्गातला, याची एक सोपी खूण सांगतो. चेहऱ्याची नोंद करताना ‘तुमच्यासारखी दिसणारी व्यक्ती हा फोन उघडू शकेल’ अशी सूचना पडद्यावर येते काय, हे वाचावे. तसेच बँकेचे ॲप बोट स्वीकारते पण चेहरा नाकारते काय, हे पाहावे. नाकारत असेल, तर त्या फोनवरील चेहऱ्याची पारख दुबळी असण्याचाच संभव अधिक. तेथे बोट आणि संकेतांक यांवरच राहावे.

शेवटी एक सूचना, जी तंत्रज्ञ क्वचितच देतात. माझ्या परिचयातील एका कुटुंबात कर्ता पुरुष अकस्मात गेला. ठेवींच्या नोंदी, विम्याचे कागद, सारे त्याच्या फोनमध्ये होते आणि फोन केवळ त्याच्या चेहऱ्याला ओळखत होता. संकेतांक त्याने कोणालाच सांगितला नव्हता. त्याच्या पत्नीला प्रत्येक कागदासाठी महिनोन्महिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. चोरापासून आपण इतकी काळजी घेतो, ती ज्यांच्यासाठी, त्यांनाच कुलपाबाहेर ठेवले तर त्या काळजीचा उपयोग काय? चेहरा माणसाबरोबर जातो. म्हणून संकेतांक एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहावा, पाकिटात घालून ते बंद करावे आणि मृत्युपत्राशेजारी ठेवून विश्वासातल्या एका माणसाला त्याची जागा सांगून ठेवावी. हे काम या आठवड्यात उरकण्याजोगे आहे.